गॅप ठेवला की रिक्षा घुसते. मग?

पश्चिम द्रुतगती महामार्गावर चार-पाच गाड्या एकमेकींच्या पाठीत घुसल्याची चित्रफीत महिन्या-दोन महिन्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतेच. पुढचा अर्धा दिवस काय होणार हेही ठरलेलं असतं. एक गट म्हणतो, पुढच्याने मध्येच ब्रेक मारला, चूक त्याची. दुसरा म्हणतो, मागून ठोकलं म्हणजे चूक मागच्याचीच. मग कुणी रिक्षावाल्यांना ओढून आणतं, कुणी डिलिव्हरीच्या पोरांना, कुणी मुंबईबाहेरच्या नंबरप्लेटना. शेवटी खड्डे निघतात, खड्ड्यांवरून महापालिका निघते आणि वाद मिटतो, कारण महापालिकेला शिव्या घालण्यावर सगळ्यांचं एकमत असतं.

या गदारोळात चित्रफितीतली सगळ्यात ठळक गोष्ट तेवढी राहून जाते. धडकेच्या आधीचे पाच सेकंद बघा. ताशी साठच्या वेगाने धावणाऱ्या त्या गाड्यांमध्ये जेमतेम एकेका गाडीची जागा असते. पहिल्या गाडीने ब्रेक मारला की पुढचं सगळं आपोआप होणार असतं; कोण चांगला चालक, कोण वाईट, याला तिथे काही अर्थ उरत नाही. मुंबईतल्या चालकांच्या डोकं फिरवणाऱ्या सवयींची यादी कुणालाही पाठ आहे: इंडिकेटर न देता कट मारणं, उजव्या लेनमध्ये रमतगमत जाणं, सिग्नल हिरवा व्हायच्या आत हॉर्न. पण यातली सर्वांत घातक सवय पुढच्याला चिकटून चालवण्याची आहे. तिच्यावर कुणी बोलत नाही, कारण वाद घालणारे दोन्ही गट तिच्यात सामील असतात. आणि ‘मुंबईत अंतर ठेवणं शक्यच नाही’ हे जे आपण एकमेकांना सांगत आलो आहोत, ते हिशेबाला टिकत नाही.

दोष कुणाचा, हा प्रश्न आधी बाजूला ठेवू, कारण तो बराचसा सुटलेला आहे. १९८९च्या रस्ता-नियमावलीत दोन नियम शेजारी-शेजारी होते. तेविसावा सांगत होता की पुढची गाडी एकदम हळू झाली किंवा थांबली तरी धडक होणार नाही एवढं अंतर मागच्याने ठेवावं. चोविसावा सांगत होता की सुरक्षेचं कारण नसेल तर पुढच्याने एकदम ब्रेक मारू नये. म्हणजे व्हॉट्सॲपवरचे दोन्ही गट आपापल्या जागी अर्धे बरोबर. २०१८ साली निशान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर नेमका हाच वाद होता: पुढे ट्रक, मागे मारुती, मध्ये दहा-पंधरा फूट. न्यायालयाने दोष मारुतीच्या चालकाकडे ठेवला. पुरेसं अंतर म्हणजे किती, हे नियमावलीत कुठे लिहिलेलं नाही, हे न्यायालयाने मान्य केलं आणि सर्वसाधारण मोजमाप सांगितलं: रस्ता, हवा सगळं ठीक असताना किमान दोन ते तीन सेकंद. पण कायदा एवढंच ठरवतो की नंतर भरपाई कुणी द्यायची. चूक पुढच्याची होती हे सिद्ध झाल्यावर मागच्याची मोडलेली मान जुळत नाही.

दोन सेकंद म्हणजे किती, हे आकड्यात मांडलं की लोक दचकतात. ताशी साठ किलोमीटरला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त जाते, म्हणजे दोन सेकंदांचं अंतर तेहतीस मीटर. पुढचे लाल दिवे दिसणं, मेंदूत शिरणं आणि पाय ब्रेकवर पडणं यात एक सेकंद सहज जातो, आणि तोही लक्ष रस्त्यावर असेल तर. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी वीसेक मीटर. यावर एक हुशार आक्षेप असतो: पुढची गाडीही ब्रेक लावूनच थांबणार, तिलाही तेवढेच मीटर लागणार, मग मला फक्त त्या एका सेकंदापुरतं अंतर पुरे. गणित बरोबर आहे. फक्त त्यात तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत: दोन्ही गाड्यांचे ब्रेक सारखे, दोन्हींचं वजन सारखं, आणि पुढची गाडी ब्रेकनेच थांबते आहे. ती दुभाजकावर किंवा बंद पडलेल्या डंपरवर आदळून थांबली, तर जागच्या जागी थांबते. आणि जूनच्या पहिल्या सरीत, रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून जो राप तयार होतो त्याच्यावर, वीस मीटरचे पस्तीस-चाळीस होतात. केंद्राच्या २०२२च्या अहवालात देशभरात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेल्याची नोंद आहे; अपघातांच्या प्रकारांत सर्वांत मोठा वाटा मागून धडकेचा, एकूण अपघातांच्या पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्त. इतक्या मोठ्या आकड्याबद्दल आपल्या चर्चेत एक वाक्य नसावं?

आता खरे आक्षेप. पहिला शीर्षकातच आहे: गॅप ठेवला की रिक्षा घुसते. घुसते, शंभर टक्के घुसते. रिक्षा नसेल तर बाइक, बाइक नसेल तर ज्याच्या मागच्या काचेवर ‘बेबी ऑन बोर्ड’ लिहिलंय ती गाडी. पण घुसल्याने नुकसान काय होतं, हे कुणी मोजलंय? एक वाहन पुढे आलं की पुन्हा अंतर मिळवायला तुम्हाला दोन, फार तर अडीच सेकंद मागे सरावं लागतं. समजा दहिसर चेकनाक्यापासून वांद्र्यापर्यंत चाळीस वाहनं घुसली. चाळीस गुणिले अडीच, शंभर सेकंद. पावणेदोन मिनिटांच्या आत. एका मोठ्या सिग्नलच्या लाल दिव्याएवढी ही किंमत आहे, आणि त्यातली अर्धी वाहनं पुढच्या उड्डाणपुलाआधी जशी आली तशी दुसऱ्या लेनमध्ये निघूनही जातात. तरीही आपल्याला ते सहन होत नाही, कारण खटकतं ते वेळ जाणं नव्हे, कुणीतरी आपल्या पुढे गेलं हे. बसच्या रांगेत कुणी मध्ये घुसला तर मुंबईकर भांडतो आणि ते बरोबरच आहे. तिथे आपली जागा खरंच जाते, बस भरून निघून जाते. रस्त्यावर कुठली बस भरते?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो वाहतुकीतले जाणकारही घेतात: सगळ्यांनी दोन सेकंदांचं अंतर ठेवलं तर रस्त्याची क्षमता कोसळेल. कागदावर हे खरं आहे. ताशी चाळीसच्या वेगाने, एका सेकंदाच्या अंतराने छोट्या गाड्या धावल्या तर एका लेनमधून तासाला अडीच हजारांहून जास्त गाड्या जातात. दोन सेकंदांच्या अंतराने दीड हजार. तीस मीटर रुंद रस्त्यासाठी आसुसलेल्या या शहरात एक हजार गाड्यांचा फरक कोण सोडेल? पण संध्याकाळी सात वाजता अंधेरीला महामार्गावर ताशी चाळीसने, एका सेकंदाच्या अंतराने, अखंड धावणारी रांग कुणी पाहिली आहे? जे दिसतं ते असं: वीस मीटर सुटायचं, थांबायचं, पुन्हा पंधरा मीटर, पुन्हा थांबायचं, आणि अर्ध्या तासाने जिथे अडकलो होतो तिथे पोहोचल्यावर अपघात नाही, बंद गाडी नाही, पोलीस नाही. काहीच नाही. मग अडलं कशाने?

जपानी संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग याचं उत्तर देतो. २३० मीटर परिघाचा गोल रस्ता, त्यावर २२ गाड्या, ना सिग्नल, ना वळण, ना खड्डा. चालकांना सांगितलं, ताशी तीसच्या आसपास एकसारखं चालवा. प्रत्येकाच्या वाट्याला साडेदहा मीटर, त्यात गाडीची स्वतःची लांबी धरून. थोड्याच वेळात कुणीतरी किंचित जास्त जवळ गेला, किंचित जास्त ब्रेक लावला, मागच्याने त्याहून जास्त, त्याच्या मागच्याने त्याहून जास्त, आणि काही कारण नसताना गाड्या ठप्प उभ्या राहिल्या. तो ठप्प पट्टा ताशी सुमारे वीस किलोमीटरने उलट दिशेला सरकत राहिला. जवळ असलेल्या गाडीला पुढच्याचा प्रत्येक छोटा ब्रेक मोठा करून मागे पाठवावा लागतो. अंतर असलेल्या गाडीला नुसता ॲक्सिलरेटर सोडून तो तिथेच जिरवता येतो. म्हणजे कागदावर वाढलेली क्षमता आपण रोज संध्याकाळी ब्रेक मारून परत देतो. शिवाय उड्डाणपुलावर एक ‘टच’ झाला की दोन मालक लेनच्या मधोमध उतरून फोटो काढतात, बाचाबाची करतात, विम्याचा माणूस फोनवर येतो. तो अर्धा तास कुठल्या क्षमतेत धरायचा?

आणि ‘अंतर ठेवलं तर गाड्या कमी धावतील’ हा युक्तिवाद काही आपला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधल्या रेल्वे कंपन्यांनी तो अगदी याच थाटात केला होता. सुरुवातीच्या काळात एक गाडी सुटली की ठरावीक मिनिटं मोजून मागची सोडत. पुढची वाटेत बंद पडली का, हे मागच्या ड्रायव्हरला ती दिसेपर्यंत कळायचं नाही. तारयंत्र आल्यावर रुळांचे टप्पे पाडून, एका टप्प्यात एकच गाडी, अशी ब्लॉक पद्धत शक्य झाली. तेव्हा कंपन्यांचं म्हणणं काय? खर्च वाढेल, मार्गाची क्षमता घटेल, आणि ड्रायव्हर सिग्नलवर विसंबून बेसावध होतील. १२ जून १८८९ला आयर्लंडमध्ये आर्माजवळ सहलीची एक गाडी चढावर अडली, तिचे सुटे केलेले डबे उतारावरून मागे घसरले आणि मिनिटं मोजून मागून सोडलेल्या गाडीवर आदळले. ऐंशीच्या आसपास माणसं गेली, त्यात मुलं पुष्कळ. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी मार्गांवर ब्लॉक पद्धत सक्तीची केली.

क्षमतेचं काय झालं, हे बघायला आयर्लंडला जायला नको. भारतातले पहिले स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल १९२८ साली याच शहरात, बोरीबंदर ते भायखळा, लागले. आज सकाळच्या गर्दीत तीन-चार मिनिटांना एक लोकल धावते ती गाड्या एकमेकींना चिकटून धावतात म्हणून नव्हे, तर मधलं अंतर सिग्नल राखतो म्हणून. लाल दिवा असेल तर मोटरमन थांबतो. मागच्या डब्यांत कितीही हजार माणसांना ऑफिसला उशीर होत असो. कुणी कधी म्हटलंय का, की दोन लोकलमधली ही मोकळी जागा वाया चालली आहे, एक गाडी अजून घुसवा? जो माणूस विरार फास्टमधून उतरेपर्यंत हे निमूट मान्य करतो, तोच पार्किंगमधून गाडी काढली की मोकळ्या जागेला घाबरतो.

इथे तिसरा आक्षेप येतो आणि त्यात सर्वांत जास्त तथ्य आहे. रेल्वेला रूळ आहेत, सिग्नल आहे. दोन सेकंदांचा नियम ज्या देशांत घडला तिथे लेन आहेत. आपल्याकडे एस. व्ही. रोडवर लेन म्हणजे रंगाऱ्याची हौस. डावीकडून बाइक, उजवीकडून रिक्षा, मधून हातगाडी, आणि बेस्टची बस थांब्यावर जागा नाही म्हणून रस्त्याच्या मधोमध उभी. इथे पुढचं वाहन नेमकं कोणतं, हेच ठरत नाही. हे मान्यच. ताशी दहा-पंधराच्या रांगणाऱ्या वाहतुकीत दोन सेकंद मोजत बसणारा माणूस चक्रम दिसेल. तिथे पुढच्या गाडीची मागची चाकं जमिनीला टेकलेली दिसतात एवढी जागा पुरे, चढावर ती मागे घसरली तरी पुरते.

पण रस्ता जितका बेभरवशाचा, तितकं अंतर कमी लागतं की जास्त? खड्ड्यांचंच घ्या, सगळे वाद जिथे येऊन मिटतात तिथलंच. टेम्पोच्या फाळक्याला चिकटून चाललेल्या बाइकस्वाराला पुढचा रस्ता दिसतच नाही. दिसतो तो फाळका. टेम्पोची चाकं खड्ड्याच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात, टेम्पोवाल्याला हिसकाही बसत नाही, आणि त्याच्या पोटाखालून निघालेला खड्डा थेट बाइकच्या पुढच्या चाकाखाली येतो. उखडलेला पेव्हर ब्लॉक, मेट्रोच्या कामावरची निसरडी लोखंडी प्लेट, गटाराचं बसलेलं झाकण, सगळ्यांचं हेच. ऑगस्टमध्ये पाणी साचलं की तेही दिसत नाही. दिसतं ते एवढंच की पुढचं वाहन एकदम हललं किंवा वळलं, आणि ते दिसून उपयोग व्हायचा तर मध्ये जागा हवी. खड्डा बुजवणं महापालिकेचं काम, त्यात सूट नाही. पण तो बुजेपर्यंत त्याच्यापासून वाचायचं साधन चालकाच्या हातात एकच आहे. खड्ड्यांचं कारण पुढे करून चिकटून चालवणं हा युक्तिवाद मला आजवर समजलेला नाही.

चौथी गोष्ट आक्षेपापेक्षा टोमणा जास्त आहे, तरी ऐकण्यासारखी आहे: एसी गाडीत बसून अंतराची प्रवचनं सोपी, ज्याच्या फोनवर डिलिव्हरीचं घड्याळ चालू आहे त्याला विचारा. बरोबर. म्हणून ओझं सर्वांवर सारखं टाकू नये असं माझं मत आहे. ज्याचं वजन जास्त, त्याची जबाबदारी आधी. एसयूव्हीवाल्याने बाइकमागे पाच मीटरवर चालवणं आणि बाइकवाल्याने एसयूव्हीमागे चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात मरणारा निवड करणारा नसतो. याचीच उलटी बाजू म्हणजे अवजड वाहनापुढची जागा. बेस्टचा चालक पुढे अंतर ठेवतो ते आळसाने नव्हे, आत दांड्याला लटकलेली माणसं आहेत, कचकन ब्रेक मारला तर ती एकमेकांवर पडतात. पाण्याचा टँकर, रेतीचा डंपर यांना थांबायला गाडीपेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. त्यांच्यापुढे ‘गॅप दिसला’ म्हणून गाडी घालणारा त्यांच्या ब्रेकचं अंतर कापत असतो. बोरघाटात ब्रेक निकामी झालेला ट्रक उतारावरून येतो तेव्हा कुठलंच अंतर वाचवत नाही, हे खरं. पण ब्रेक शाबूत असलेल्या ट्रकलाही आपण रोज निकामी ब्रेकचा ट्रक बनवतो त्याचं काय?

राहता राहिला तो मागे येऊन डिपर मारणारा. उजव्या लेनमध्ये हळू चालणाऱ्यांचा मलाही राग येतो आणि त्यांनी डावीकडे व्हायलाच हवं. पण त्यांच्या पाठीला चिकटल्याने ते बाजूला होतात, हे कुणी कशावरून ठरवलं? घाबरणारा आणखी हळू होतो, न घाबरणारा मुद्दाम ब्रेकवर पाय ठेवून धडा शिकवतो, आणि दोघांच्या अहंकाराचा हिशेब तिसरी गाडी चुकवते.

हे बदलेल का, असं विचारलं की लोक ‘आपली मानसिकता’ म्हणून हात झटकतात. मला ते उत्तर आळशी वाटतं. हॉर्न हीसुद्धा मानसिकताच होती. २०२०च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की सिग्नल पुन्हा लाल करणारी युक्ती काही चौकांत करून दाखवली. त्याने हॉर्न बंद झाले असं कुणी म्हणणार नाही, पण हॉर्नला किंमत लावता येते हे दिसलं. मागच्या सीटवरचा पट्टा ‘मुंबईत कोण लावतो’ म्हणून थट्टेवारी नेला जायचा. सप्टेंबर २०२२मध्ये पालघरजवळच्या अपघातात मागच्या सीटवर पट्टा न लावता बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री गेले आणि नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी तो सक्तीचा केला. अंतराला मात्र आपण कधी किंमत लावलेलीच नाही. वेगाचं ई-चलान येतं, हेल्मेटचं येतं, सिग्नल तोडल्याचं येतं. चिकटून चालवल्याचं चलान आलेला माणूस माझ्या ओळखीत तरी नाही. लायसन्सच्या परीक्षेत गाडी आठाच्या आकड्यात फिरवून दाखवावी लागते, जे आयुष्यात पुन्हा कधी करायचं नसतं. जर्मनीत याच गुन्ह्याचा दंड पुलांवरच्या कॅमेऱ्यांनी मोजून होतो. तिथला ढोबळ नियम असा, की स्पीडोमीटरवरच्या आकड्याचे निम्मे मीटर पुढे मोकळे हवेत: शंभरला पन्नास. ब्रिटनमध्ये मोटरवेच्या काही भागांवर बाणाच्या टोकासारख्या खुणा रंगवल्या आहेत. पुढच्या गाडीपर्यंत दोन खुणा दिसल्या पाहिजेत. आपल्याला खुणा नसताना मोजायचं असेल तर पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की सावकाश ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हणावं. ते संपायच्या आत आपण त्या खांबाशी पोहोचलो तर फार जवळ आहोत.

आणि सुरुवात एस. व्ही. रोडपासून करायची गरजच नाही. सी लिंकवर रिक्षाला बंदी, बाइकला बंदी. कोस्टल रोडवर तेच. अटल सेतूवर तेच, आणि तिथे गाड्यांना ताशी शंभरची मुभा आहे, म्हणजे दोन सेकंदांत पंचावन्न मीटर. तिथे फेरीवाला नाही, हातगाडी नाही, बसथांबा नाही, सिग्नल नाही. मिश्र वाहतुकीची जी जी सबब वर मान्य केली, त्यातली एकही समुद्रावर लागू होत नाही. तरी कुठल्याही संध्याकाळी सी लिंकवर वरळीच्या दिशेने बघा: ऐंशीच्या वेगाने दहा मीटरवर दहा मीटर चिकटलेल्या गाड्या, आणि मधल्या फटीत घुसणारी दुसरी तशीच गाडी. घुसणारी रिक्षा तिथे आणायची कुठून? या तीन रस्त्यांवर खुणा रंगवाव्यात, कॅमेरे तिथे आहेतच, त्यांच्या जोडीला अंतर मोजणारी यंत्रणा बसवावी, पहिले सहा महिने नुसता इशाऱ्याचा मेसेज पाठवावा आणि मग दंड सुरू करावा. खर्च रंगाचा आणि थोड्या यंत्रांचा आहे. सी लिंक आणि अटल सेतूवर टोल आपण भरतोच. एस. व्ही. रोडचा नंबर सगळ्यात शेवटी लागला तरी चालेल.